शेजाऱ्याचे शेत आणि पीएच. डी.

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले असता आजीने विचारले, "कालेज झाल्यावर काय करनार हाईस?" मी सहज बोलून गेले, "जमलं तर पीएच. डी. करीन." म्हणजे काय, ते तिला सांगणे आले. "नावाच्या आधी डॉक्टर लागतं," एवढे मी म्हणताच आजीने लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि म्हणाली, "मंग आधी हे बघ. दोन म्हैने झाले, उठू देत न्हाई."

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले, मला तरी पीएच. डी. म्हणजे काय ते कुठे ठाऊक आहे? आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिलीच. प्राध्यापकांच्या दारावरील पाटीवर 'डॉ.' वाचलेला, एवढीच काय ती ओळख. सुट्टी संपल्यावर समाजशास्त्राच्या सरांना गाठले आणि मग ग्रंथालयात जे सापडले ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते माझ्यासारख्याच घरांतून आलेल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

सरांनी पहिल्याच वाक्यात माझा एक गैरसमज दूर केला. पीएच. डी. म्हणजे पुष्कळ वाचून पाठ करणे नव्हे. एम. ए.पर्यंत इतरांनी शोधलेले शिकायचे असते, पीएच. डी.त आजवर कुणी न दिलेले एखादे उत्तर आपण द्यायचे असते, मग प्रश्न कितीही लहान असो. त्यासाठी आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. एक मार्गदर्शक असतो. आधी प्रश्न ठरवायचा, त्या प्रश्नावर इतरांनी काय म्हटले आहे ते सारे धुंडाळायचे, मग स्वतः माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, प्रबंध लिहायचा आणि शेवटी परीक्षकांसमोर बसून त्याचा बचाव करायचा.

पुढे सर म्हणाले, "तू शेतकऱ्याची मुलगी. तंत्रज्ञान व्यवस्थापन आणि नवप्रवर्तन हा विषय बघ." नाव ऐकून माझ्या डोळ्यांपुढे कारखाने, संगणक आणि टाय बांधलेली माणसे उभी राहिली. कला शाखेच्या मुलीचे तिथे काय काम? परंतु तसे नाही. यंत्र कसे बनवावे हे अभियंता सांगतो. ते बनल्यावर कोण घेतो, कोण घेत नाही, चांगली वस्तू वर्षानुवर्षे पडून का राहते आणि तिने कुणाचे भले व कुणाचे नुकसान होते, हे पाहणारा हा विषय आहे. आज त्यात पीएच. डी. करणारे विद्यार्थी सौरऊर्जा, औषधे, विजेवर चालणाऱ्या गाड्या यांवर संशोधन करतात. पण या विषयाचे एक मोठे मूळ कारखान्यात सापडत नाही, मक्याच्या शेतात सापडते. ती हकीकत मला सर्वांत आवडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. मका हेच तिथले मुख्य पीक. पूर्वी तिथला शेतकरी आपल्याच पिकातील टपोरी कणसे निवडून पुढच्या वर्षाचे बियाणे ठेवीत असे. १९२८ च्या सुमारास संकरित मका, म्हणजे आपण ज्याला 'हायब्रीड' म्हणतो तो, शेतकऱ्यांपर्यंत पोचला. उत्पन्न सुमारे वीस टक्के जास्त, ताटे सरळ उभी राहणारी, दुष्काळात तग धरणारी. अडचण एवढीच की बियाणे घरचे ठेवून चालत नाही. दर वर्षी विकत घ्यावे लागते. ज्याने जन्मभर बियाण्यासाठी कुणापुढे हात पसरला नाही त्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

ब्राइस रायन नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि नील ग्रॉस या त्याच्या विद्यार्थ्याने १९४१ च्या उन्हाळ्यात आयोवातील दोन वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन शेतकऱ्यांना विचारले: हायब्रीड तुम्ही कधी ऐकले, कुणाकडून ऐकले, कधी पेरले? ग्रॉस हा शहरात वाढलेला. शेतकऱ्यांशी बोलायचे कसे, या विचाराने तो बावरला होता. शेतकरी फार लवकर उठतात असे कुणीतरी त्याला सांगितले, तर हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी सकाळी सहाला, अर्धवट अंधारात, एका घरी हजर झाला. आणि त्या एका दिवसात त्याने एकवीस मुलाखती घेतल्या! संशोधक म्हणजे चष्मा लावून पुस्तकात बुडालेला माणूस, ही माझी समजूत इथे मोडली.

१९४३ साली या पाहणीचा अहवाल छापून आला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोन सोडून सर्वांनी हायब्रीड स्वीकारले होते. पण कसे? पहिल्या पाच वर्षांत अवघ्या दहा टक्क्यांनी. त्यानंतर तीन वर्षांत आकडा एकदम चाळीस टक्क्यांवर गेला, पुढे आणखी भरभर चढला आणि शेवटी घेणारेच उरले नाहीत म्हणून मंदावला. कागदावर रेघ काढली तर ती इंग्रजी 'एस्' अक्षर तिरके ओढल्यासारखी दिसते. एवढे फायद्याचे बियाणे, तरी ऐकल्यापासून स्वीकारीपर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली. ज्यांनी घेतले त्यांनीही आधी थोड्या जमिनीत पेरून पाहिले आणि सगळे रान त्याखाली आणायला तीन-चार वर्षे लावली. बहुतेकांनी हायब्रीडचे नाव पहिल्यांदा बियाणे विकणाऱ्याकडून ऐकले होते. विश्वास मात्र शेजाऱ्यामुळे बसला. विक्रेता सांगून जातो. शेजाऱ्याचे पीक बांधावरून रोज दिसते.

आता दुसरा माणूस. एव्हरेट रॉजर्स, जन्म १९३१, आयोवातील कॅरल या गावाजवळच्या शेतावर. त्याच्या वडिलांना यंत्रांची भारी हौस, पण बियाणे आणि रसायने यांतले नवे काही नको. हायब्रीडही त्यांनी घेतले नव्हते. १९३६ साली मोठा दुष्काळ पडला. शेजाऱ्याच्या रानात हायब्रीड मका उभा, आणि रॉजर्सच्या रानातला सुकून गेलेला. पाच वर्षांच्या पोराने ते पाहिले. कॉलेजात जायचे त्याच्या मनातही नव्हते, शाळेतील एका शिक्षकाने त्याला व आणखी काही मुलांना गाडीत घालून एम्स शहरातील (दिल्लीचे एम्स नव्हे!) शेतकी कॉलेज दाखवून आणले, म्हणून तो तिथे शिकला. पुढे कोरियाच्या युद्धाच्या काळात त्याने दोन वर्षे लष्करी सेवा केली आणि परत येऊन त्याच आयोवा स्टेटमध्ये पीएच. डी.ला नाव घातले. प्रश्न कुठला घेतला असेल ते सांगायला नको. शेतकरी नवी गोष्ट का घेतात, आणि का घेत नाहीत? प्रश्न घरच्या बांधावर पडलेला होता. कुठे शोधायला जावे लागले नाही.

त्याला १९५७ साली पदवी मिळाली. पण खरी गंमत प्रबंधाच्या त्या प्रकरणात आहे, ज्यात इतरांनी केलेले काम सांगायचे असते. विद्यार्थी हे प्रकरण सहसा कंटाळत लिहितात म्हणे. रॉजर्सने शेतीपुरतेच न पाहता शाळांतील नव्या पद्धती, डॉक्टरांनी वापरलेली नवी औषधे अशा इतर विषयांवरील पाहण्याही वाचल्या आणि सगळीकडे तीच तिरकी 'एस्' त्याला दिसली. परीक्षकांना ते चटकन पटले नाही. त्यातूनच त्याने १९६२ साली 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे पुस्तक लिहिले. २००३ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि दर आवृत्तीत तो आपलेच म्हणणे दुरुस्त करीत गेला. २००४ साली तो वारला.

सरांनी वर्गात फळ्यावर घंटेच्या आकाराचे जे चित्र काढले होते, ते याच पुस्तकातले. नवी गोष्ट घेणाऱ्यांचे पाच गट: सर्वांत आधी उडी घेणारे अडीच टक्के, मग लवकर स्वीकारणारे साडेतेरा, मग बहुसंख्यांतील आधीचे चौतीस व नंतरचे चौतीस, आणि उरलेले सोळा टक्के म्हणजे 'लॅगार्ड', रेंगाळणारे. परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगते की हे टक्के कुठल्या गावात माणसे मोजून आलेले नाहीत. सरासरी आणि प्रमाण विचलन घेऊन त्या घंटेचे पाडलेले ते तुकडे आहेत. मी स्वतः पाठ केले होते तेव्हा हे मला कळलेच नव्हते.

'लॅगार्ड' हा शब्द मात्र मला वर्गातच बोचला होता. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात ठिबक सिंचनाची बैठक झाली. अण्णांनी उभे राहून विचारले की अनुदान मागाहून खात्यात येणार, तर आधीचे पैसे कुणी भरायचे? बोलायला आलेल्या गृहस्थांनी उत्तर दिले नाही. "हीच ती मागासलेली मानसिकता," असे ते सर्वांकडे बघून म्हणाले. लोक हसले. अण्णा खाली बसले. मी मागे बायकांत बसले होते.

म्हणून पुस्तकाचा पुढचा भाग मी अधाशासारखा वाचला. तिथे रॉजर्सने आपल्याच पीएच. डी.ची एक चूक कबूल केली आहे. १९५४ साली त्याने एका शेतकऱ्याची मुलाखत घेतली. त्या बाबाने तणनाशक, रासायनिक खत सगळेच नाकारले होते. शेजारी ही औषधे वापरून गाणारे पक्षी आणि जमिनीतली गांडुळे मारीत आहेत, असे तो म्हणे. रॉजर्सच्या मोजपट्टीवर त्याला सर्वांत कमी गुण मिळाले. शिक्का बसला लॅगार्ड. का? तर मोजपट्टीतील सर्व गोष्टी कॉलेजातील तज्ज्ञांनी शिफारस केलेल्या होत्या. नवे ते चांगलेच, हे आधीच धरून चालले होते. पुढे सेंद्रिय शेतीचे महत्त्व जगाला कळू लागले तेव्हा रॉजर्सच्या ध्यानात आले की तो माणूस मागे राहिलेला नव्हता, पुढे गेलेला होता. दुसरीही एक गोष्ट तो मान्य करतो. न घेणाऱ्यालाच दोष द्यायची संशोधकांना सवय लागली. ती वस्तू त्याला परवडते का, त्याच्या उपयोगाची आहे का, हे कमी विचारले गेले. नव्या गोष्टीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचते. कारण पहिल्यांदा घेतो तो ज्याच्याजवळ बुडवायला पैसे असतात तो. माझ्या मते पाच गटांच्या चित्रापेक्षा हे वाक्य परीक्षेला विचारायला हवे.

हा विषय आपल्या मुलखालाही नवा नाही. १९५६ साली पुणे रेडिओ केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतेगट बसवले. कार्यक्रम ऐकायचा आणि मग आपसात चर्चा करायची. चर्चा करणाऱ्या गावांच्या माहितीत इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त भर पडल्याचे पाहणीत दिसले. रॉजर्सच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ब्राझील, नायजेरिया आणि भारत अशा तीन देशांत जो अभ्यास केला, त्यात महाराष्ट्रातील खेडी होती.

आणि हायब्रीड तर आपल्याकडे आलेच. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सी. एस. एच.-१, १९६४ चे. आजीला मी आयोवाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने मला मका काय ते विचारलेच नाही. ती ज्वारीवरच आली. तिचे म्हणणे असे: हायब्रीडने पोती भरली, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो खाल्ल्यानंतर पोती भरलेली दिसणे ही थोडी गोष्ट नव्हती. पण ताट बुटके, म्हणून कडबा कमी; कणसे पावसात सापडली की दाणा काळा पडे; आणि भाकरी थापली तर चिरा जात, गार झाली की वातड. "बाप्यांनी पोती मोजली," आजी म्हणाली, "भाकर आम्ही थापली." म्हणून विकायला हायब्रीड आणि घरी खायला मालदांडी, असे आमच्याकडे किती तरी वर्षे चालले. आता या घराला कुठल्या गटात घालायचे? रॉजर्सने नवी गोष्ट पसरण्यास कारण होणारे पाच गुण सांगितले आहेत, त्यांत आपल्या चालीरीतींशी ती जुळते की नाही हा एक आहे. आजीची भाकरी त्यात नक्की बसते. मात्र पाहणी करणारा कुणी आमच्या दाराशी आला असता, तर तो ओसरीवर बसून आजोबांना विचारून गेला असता, चुलीपाशी आला नसता, असे मला वाटते.

सरांनी शेवटी मला कामच लावले. "पीएच. डी. पुढे बघू, आधी आपली गल्ली कर," म्हणाले. म्हणून संक्रांतीच्या सुट्टीत एक छापील तक्ता घेऊन मी आमच्या गल्लीतील तेवीस शेतकरी घरे फिरले. ठिबक प्रथम कधी ऐकले, कुणाकडून ऐकले, घेतले असल्यास कोणत्या साली, घेतले नसल्यास कारण. ग्रॉससारख्या दिवसाला एकवीस मुलाखती काही झाल्या नाहीत. सात झाल्या, आणि प्रत्येक घरी चहा झाला. तेवीसपैकी नऊ घरांनी ठिबक घेतले आहे. त्या नवांपैकी सहांनी सांगितले की खालच्या आळीतल्या एकाच माणसाचे रान बघून घेतले. त्या माणसाला विचारले, तर त्याचा मुलगा नोकरीला आहे.

आमचे घर मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. अण्णा जेवून अंगणात बसले होते. मी वही उघडून परक्यासारखे विचारले, "ठिबक प्रथम कधी ऐकलं?"

"तू चौथीत होतीस," ते म्हणाले.

म्हणजे दहा वर्षे. आयोवाच्या सरासरीपेक्षा एक जास्त.

"घेतलं नसल्यास कारण?"

तक्त्यात कारणासाठी एकच ओळ होती. अण्णा विहिरीच्या पाण्यापासून सुरू झाले, मग सोसायटीचे कर्ज, मग ताईचे लग्न, मग गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या रानात उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या. अर्ध्या तासाने ते पाणी प्यायला उठले, तेव्हा मी वहीची दोन पाने फाडून तक्त्याला टाचणीने जोडली होती, आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "लिहिलंस का सगळं? अजून विजेचं राहिलंय."