लग्न ठरलं म्हणून फिटची गोळी बंद नको

फिट येणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं की घरचे आधी तिच्या गोळ्या लपवतात. सासरी गोळी चुकते, फिट परत येते. एकदम बंद केलेल्या गोळीने लागोपाठ फिट येऊन जीवही जाऊ शकतो. आणि लपवायचं कशाला? बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची आडकाठी १९९९ सालीच काढली आहे.

मिरगी हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही. योग्य औषधाने दहापैकी साधारण सात जणांच्या फिट थांबू शकतात. मात्र पहिलीच गोळी लागू पडेल असं नाही. फिटचा प्रकार, वय, वजन पाहून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात, मग वाढवतात किंवा बदलतात. फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या सुजतात, लेव्हेटिरासेटामने चिडचिड वाढते. कार्बामाझेपिनने पुरळ आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलींच्या बाबतीत जपायचं ते सोडियम व्हॅल्प्रोएटला. फिटवर गुणकारी, पण गर्भातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, पुढे त्याची बुद्धीही मंद राहू शकते. म्हणून दुसरी गोळी चालेल का, हे लग्नाआधीच डॉक्टरांना विचारा. बदलाला वेळ लागतो, तो दिवस जाण्याआधी व्हायला हवा. फॉलिक ॲसिडचंही तेव्हाच विचारून घ्या.

प्रत्येक फिटची तारीख आणि किती मिनिटं चालली, हे वहीत लिहा. मोबाईलवर शूटिंग केलं तर डॉक्टरांना प्रकार ओळखता येतो. चप्पल, कांदा घेऊन धावणाऱ्यांपैकी एकाला ते काम द्या.