अंगावर काय घालायचे, हे कुणी ठरवायचे?

१४ एप्रिलला भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत तरुण मुलांचे कपडे नीट पाहण्यासारखे असतात. काळा किंवा गडद निळा टी-शर्ट, खांद्यांवरून ओघळणारा, मुद्दाम ढगळ. छातीवर पांढऱ्या रंगात चोवीस आऱ्यांचे चक्र, नाहीतर ठसठशीत देवनागरीत ‘जय भीम’. पाठीवर बाबासाहेब, तेही चेहऱ्याच्या रेषांनी नव्हे, तर चष्मा, कोट आणि टाय एवढ्यावरून ओळखू येणारे. शहरी मासिके या पेहरावाला ‘स्ट्रीटवेअर’ म्हणतात आणि त्याचा वंश न्यूयॉर्कच्या हिप-हॉपपर्यंत, कॅलिफोर्नियाच्या स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांपर्यंत नेऊन भिडवतात. कपड्याची बेतणी तिकडची आहे, यात वाद नाही. पण त्यातला निषेध इथला आहे आणि तो टी-शर्टाहून फार जुना आहे. वैनगंगेच्या काठच्या या मुलखात कपडा हा काहींसाठी आधी मनाईचा विषय होता, पुढे हक्काचा झाला. आवडीनिवडीचा तर अगदी अलीकडे. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर निळा टी-शर्ट ही नुसती फॅशन वाटते.

मनाई किती बारकाईने घातली जाई ते पाहा. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगतो. हे पोथीपुरते होते असे म्हणणाऱ्यांसाठी १९२८ सालचे इंदूर आहे. त्या भागातल्या सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना अटींची यादीच दिली: जरीकाठी फेटे बांधायचे नाहीत, रंगीत किंवा नक्षीच्या काठांची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांचे पाणी तोडले गेले, गुरांची वाट अडवली गेली आणि अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ साली छापलेल्या भाषणात हे प्रकरण पुराव्यादाखल मांडले आहे. आता भंडाऱ्याकडे या. नागपूर-भंडारा पट्ट्यातले महार परंपरेने जाडेभरडे सुती कापड विणत. इंग्रजी अमदानीतल्या जातींच्या नोंदींत हा त्यांचा मुख्य धंदा म्हणून आला आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, गिरणीचे कापड गावोगाव पोचले, हातमाग बसले आणि यातले पुष्कळ विणकर गिरणीच्या खात्यांत मजूर झाले. याच जिल्ह्यात ऐनाच्या झाडांवर धिवर लोक कोशाचे किडे पोसतात आणि आंधळगाव-मोहाडीकडचे कोष्टी त्या धाग्याचे करवतकाठी लुगडे विणतात. रेशमी कापड सोवळ्यात चालते, म्हणून कोसा देवघरात शिरला. ज्या गावांत शुद्धतेचे वस्त्र विणले जात होते, त्याच गावांत दुसऱ्या एका विणकर जातीचा स्पर्शसुद्धा विटाळ ठरत होता. कापड कोण करतो आणि ते मानाने कोण घालतो, या दोन गोष्टींमधले अंतर भंडाऱ्याइतके स्पष्ट फार थोड्या जिल्ह्यांत दिसेल.

हे अंतर जाणीवपूर्वक मोडले गेले ते महाडमध्ये. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तुमच्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि अंगावरच्या जड गळसऱ्या-गोठांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, ती खूण टाकून द्या, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बायकांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलली. इथे पोशाख बदलणे म्हणजे नटणे नव्हते; तो उघड कायदेभंग होता, फक्त तो कायदा सरकारी नव्हता. बाबासाहेबांचा सूटही याच रांगेतला. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगरखा उतरवून पंचा स्वीकारला. त्या त्यागाचे मोल मोठे आहेच. पण टाकून देण्याजोगे ज्याच्यापाशी असते त्यालाच त्याग करता येतो. ज्याला काठाचे धोतरही नाकारले गेले, त्याने पूर्ण पोशाखात उभे राहणे हेच त्याचे राजकारण होते. १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी याच पक्षातर्फे लढवली आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते हरले. मतपेटीत हार झाली, पण निळा रंग या जिल्ह्यातून गेला नाही. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा घेण्यासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमलेले लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत होते. शहरातल्या दुकानांतली पांढरी लुगडी तेव्हा संपून गेल्याची नोंद चरित्रांत सापडते. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. पूर्व विदर्भातल्या असंख्य घरांत धर्मांतराची पहिली खूण ही अंगावरच्या कापडाची होती.

टी-शर्टाने यात काय भर घातली, हे त्याच्या छपाईत दिसते. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, हव्या त्या आकृतीपुरती उघडी ठेवलेली. तिच्यावर शाई ओतून रबरी पट्टीने एकदा दाबून ओढली की खाली छाप उमटतो. रंग एकच असेल तर जाळीही एकच लागते. कोरे टी-शर्ट तिरुपूरकडून ठोकात येतात. त्यामुळे गल्लीतल्या मंडळाने वर्गणी काढून पन्नास टी-शर्ट छापून घेणे सहज परवडते. मजकूर कोणता, अक्षर केवढे, चक्र छातीवर की बाहीवर, हे ती मुलेच ठरवतात. पोशाखाच्या इतिहासात हे क्वचित घडले आहे: ज्यांना काय घालायचे ते सांगितले जाई, ते आता आपल्या कापडावर काय लिहायचे ते स्वतः ठरवतात. धुलाईगणिक त्या छापाला भेगा पडतात, कापड विटते आणि पुढच्या जयंतीला नवा मजकूर येतो.

ही सारी अमेरिकेची नक्कल आहे, असा आक्षेप नेहमी येतो. दलित पँथरवरही १९७२ मध्ये हाच आक्षेप होता, कारण नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. पण उसना घेतलेला आकार आपल्या कामाला लागला तर उसनेपणाने काही बिघडत नाही. उलट तिकडच्या इतिहासाने इथला इतिहास अधिक कळतो. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या पोरांना रस्त्यात गाठून मारले आणि त्यांचे लांब, ढगळ ‘झूट सूट’ अंगावरून ओरबाडून काढले. युद्धकाळात एवढे कापड वापरणे म्हणजे देशद्रोह, असे कारण पुढे केले गेले. अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच जास्त झाली. २०१२ मध्ये फ्लोरिडात हुडी घातलेला निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा गोळीला बळी पडला, तेव्हा हजारो लोक हुडी घालून रस्त्यावर उतरले. दोन्हीकडे राग कापडावर नव्हता. ‘यांनी’ असे दिसावे, यावर होता. मे २०२३ मध्ये गुजरातेत पालनपूरजवळ एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. इंदूरच्या यादीनंतर पंचाण्णव वर्षांनी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: छातीवर नाव छापून काय मिळते? जमीन मिळत नाही, नोकरी मिळत नाही, न्याय तर नाहीच. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न हलकेपणाने विचारताच येत नाही, कारण खैरलांजी याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, आणि २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी धरूनही अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या गुन्ह्याला लागू केला नाही. टी-शर्ट अशा वेळी काहीच करू शकत नाही, हे मान्य. पण खैरलांजीची बातमी सुरुवातीचे कित्येक दिवस दबूनच राहिली होती. ती देशभर पोचली ती विदर्भातल्या रस्त्यांवर माणसे उतरल्यावर. दिसणे म्हणजे न्याय नव्हे, पण जे दिसतच नाही त्याला न्याय मागायलाही जागा नसते. शिवाय दिसण्याला अजून किंमत मोजावी लागते. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्यावरून एका तरुणाचा खून झाला. नुसता शौक असता तर त्याचा कुणाला एवढा राग आला नसता.

हा निषेध बाजार गिळून टाकेल, ही तक्रार मला तितकी जड वाटत नाही. नामांकित कंपन्यांनी उद्या निळे चक्र छापून चौपट भावात विकले तरी मंडळाच्या वर्गणीचा टी-शर्ट संपणार नाही. खरी उणीव दुसरीकडे आहे. या मिरवणुकांत छापील टी-शर्ट मुख्यतः मुलांच्या अंगावर दिसतात. मुली, बाया पांढऱ्या साडीत किंवा सलवार-कुर्त्यात शिस्तीने चालतात. पांढऱ्या साडीला तिचा मान आहे, १९५६ चा आहे. पण पाठीवर बाबासाहेब मिरवणारा भाऊ बहिणीच्या जीन्सला हरकत घेत असेल, तर तो तीच जुनी यादी घरात पुन्हा लिहितो आहे. महाडला बाबासाहेबांनी पोशाखाचा प्रश्न आधी बायकांपुढे मांडला होता. मंडळे टी-शर्टांची मापे गोळा करतात तेव्हा मुलींची मापे त्या कागदावर असली पाहिजेत, आणि छातीवर काय छापायचे या चर्चेत त्या मुलीही बसल्या पाहिजेत.