काकाकुवा : रानांतला आणि घरांतला

पांढरें शुभ्र अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि बांकदार चोंच असा काकाकुवा पाहिला, म्हणजे वाशीम-कारंज्याकडील माणसाला तो आपल्या राघूचाच गोरा भाऊ वाटतो. नातें खरें, पण दूरचें. तेथील शिवारांत ज्वारीच्या कणसांवर नि तुरीच्या शेंगांवर उतरणारा राघू हा या मातीचाच रहिवासी. काकाकुवा मात्र मूळचा भारताचा नव्हे. त्याच्या सुमारें २१ जाती फिलिपाईन्सपासून इंडोनेशिया, न्यू गिनी व ऑस्ट्रेलियापर्यंतच्या टापूंत राहतात. त्याचें नांव मलायी भाषेंतलें. त्या भाषेंत खिळे उपटण्याच्या पकडीलाहि हाच शब्द आहे. टणक कवचीचीं फळें फोडणाऱ्या चोंचीला तो शोभतो.

राघूला तुरा नाहीं. काकाकुवाच्या पिसांत हिरवा वा निळा रंग नाहीं. तुरा ही त्याची भाषा होय. भय, राग, कुतूहल तो तुरा उभारून सांगतो. रानांत तो थव्यानें राहतो. थवा जमिनीवर दाणे टिपीत असतां कांहीं पक्षी झाडावरून पहारा करितात. अंडीं झाडाच्या ढोलींत असतात व पांढऱ्या जातींत नर-मादी दोघेंहि तीं आळीपाळीनें उबवितात. सारांश, सोबत हेंच त्याचें जीवन.

घरांतील अडचण येथेंच उद्भवते. पिंजऱ्यांतला काकाकुवा माणसालाच आपला थवा मानतो. दिवसभर एकटा पडला कीं तो कर्कश ओरडतो, लाकूडसामान कुरतडतो आणि शेवटीं स्वतःचींच पिसें उपटूं लागतो. शिवाय तो दीर्घायुषी. शिकागोजवळील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयांतील ‘कुकी’ नांवाचा काकाकुवा २०१६ सालीं मेला, तेव्हां तो ८३ वर्षांचा होता. चाळिशींतल्या गृहस्थानें पिल्लूं आणलें, तर त्याची जबाबदारी बहुधा नातवंडांवर येते.

पाळण्याच्या हौसेसाठीं चाललेल्या धरपकडीमुळें इंडोनेशिया व पूर्व तिमोर येथील लहान पिवळ्या तुऱ्याची जात आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. आपल्याकडे राघू पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरतें. काकाकुवासारखे परदेशी पक्षी बाळगणाऱ्यांस २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार सरकारदरबारीं नोंदणी करावी लागते. म्हणून काकाकुवा घरीं आणण्यापूर्वीं किंमतीआधीं दोन गोष्टी विचाराव्या : दिवसा त्याच्याजवळ कोण असेल, आणि आपल्यामागें त्याला कोण सांभाळील?