गांवोगांवच्या लेखकांचा आधार

बीं उत्तम असलें तरी माती व पाणी यांवांचून त्यास अंकुर फुटत नाहीं. लेखनगुणाचेंही तसेंच आहे. तो कोठेंही जन्मास येतो. परंतु प्रकाशक व नियतकालिकें बहुधा पुण्या-मुंबईस एकवटलेलीं. मग दूरच्या गांवीं लिहिणारानें आपलें लेखन दाखवावें कोणास ?

कवि केशवसुतांचें उदाहरण घ्या. १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड गांवीं त्यांचा जन्म झाला. शिक्षकाच्या नोकरींत त्यांचें आयुष्य गेलें, आणि १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांस आपण वंदन करितों, त्यांस स्वतःच्या कवितांचें पुस्तक पाहावयास मिळालें नाहीं ! हरि नारायण आपटे यांच्या खटपटीनें तें १९१७ सालीं, म्हणजे बारा वर्षांनीं निघालें.

ही उणीव दूर करण्यास निरनिराळ्या प्रांतांतील लोक स्वतःच पुढें आले. १९२३ सालीं विदर्भ साहित्य संघ अमरावतीस स्थापन झाला. १९४३ सालीं मराठवाडा साहित्य परिषद निघाली. १९९० सालीं रत्नागिरीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक यांच्याच पुढाकारानें दुसऱ्या वर्षीं कोंकण मराठी साहित्य परिषद उदयास आली.

हिचें कार्य तालुक्यातालुक्यांतील शाखांमार्फत चालतें. शिक्षक, कारकून, गृहिणी असे सामान्य जन एकत्र जमतात, आपलें लिखाण वाचतात व दुसऱ्याचें ऐकतात. संमेलनें भरतात, चांगल्या ग्रंथांस पारितोषिकें मिळतात. परिषदेच्या नियतकालिकाचें 'झपूर्झा' हें नांव केशवसुतांच्याच कवितेवरून घेतलेलें आहे. आणि मालगुंडास त्यांच्या जन्मस्थानीं परिषदेनें स्मारक उभारिलें आहे. ज्या गांवानें कवि दिला, त्याच गांवीं आतां लोक कविता वाचावयास जातात.

अशा मंडळाचा खरा लाभ कोणता ? छापून येणें हा नव्हे, तर जाणता श्रोता मिळणें हा होय. खाडी, खळें, शिमगा, मालवणी बोली यांचा अर्थ तेथें कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. आपली बोली लेखनांत आणण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं, हें नवशिक्यास तेथेंच कळतें. मात्र परस्परांची स्तुति एवढाच जर मंडळाचा उद्योग होऊन बसला, तर त्यापासून हानीच अधिक. स्नेहानें ऐकावें, पण दोष निर्भीडपणें दाखवावा, हेंच त्याचें जीवित होय.

विद्यार्थीमित्रहो, मंडळ काढण्यास मोठें द्रव्य लागत नाहीं. चार सोबती, एक वही व आठवड्यांतील एक तास पुरे. आणि पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलाच्या वहीच्या मागील पानांवर चार ओळी आढळल्या, तर रागें भरण्यापूर्वीं त्या एकदां त्याच्याकडून वाचवून घ्याव्या. पहिला श्रोता घरींच मिळाला, तर पुढील वाट सोपी होते.