वळणाआधीचे पट्टे

एक्स्प्रेस-वेवर तासभर शंभरच्या वेगाने गाडी चालवून बाहेर पडलं, की साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो. काटा साठ दाखवत असतो, मन मात्र चाळीसच धरून चालतं. वळणावरच्या अनेक अपघातांमागे ही फसगत असते. कडेची झाडं, कठडे, रस्त्यावरच्या खुणा किती झपाट्याने मागे पडतात, यावरून आपण वेगाचा अंदाज बांधतो. बराच वेळ तेच पाहिलं की डोळे त्या गतीला सरावतात.

वळणाचं गणित मात्र बदलत नाही. गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठच्या वेगात सहज निघणाऱ्या वळणात ऐंशीने शिरलं, तर टायरांना पावणेदोन पटींहून जास्त पकड लागते. रस्ता ओला असेल तर ती मिळेलच असं नाही. म्हणून वेग उतरवायचा तो वळणात शिरण्याआधी.

गॉर्डन डेंटन या ब्रिटिश संशोधकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी डोळ्यांचीच मदत घेतली. स्कॉटलंडमधल्या न्यूब्रिजला एम-८ मोटरवेवरून येणाऱ्या गाड्यांसमोर गोल चौक येई. त्याआधीच्या रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारले गेले. आधी लांब लांब, मग चौक जवळ येईल तसतसे जवळ जवळ. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समजा पट्टे आठ मीटरवर आहेत, तर सेकंदाला दोन मागे पडतील. अंतर चार मीटरवर आलं की चार. गाडीचा वेग तोच असतो, पण चालकाला तो वाढल्यासारखा वाटतो आणि पाय ब्रेककडे जातो.

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठाने जाणाऱ्या लेक शोअर ड्राइव्हवर ओक स्ट्रीटजवळ असंच एक अवघड वळण आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच इमारती. नजर रस्त्यावरून हटावी असा देखावा. ताशी २५ मैलांची पाटी असूनही तिथे गाड्या आदळत. सप्टेंबर २००६ मध्ये महापालिकेने वळणाआधी असे पांढरे पट्टे आखले. पुढच्या सहा महिन्यांत, आधीच्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत, अपघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. काळ थोडा आणि जागा एकच, पण खर्च फक्त रंगाचा होता. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या ‘नज’ या पुस्तकामुळे हे वळण जगभर माहीत झालं.

याच विचाराचा धागा मुंबईतही सापडतो. मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येताना दिसते, म्हणून रूळ ओलांडणाऱ्याला लोकलचा वेग उमगत नाही. वडाळ्याला ‘फायनलमाइल’ या संस्थेच्या सल्ल्याने रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरावर पिवळे रंगवले गेले. गाडी ते किती भरभर गिळते हे दिसलं, की तिच्या वेगाचा अंदाज येतो.

आपल्या घाटांत असे पट्टे आखायचे, तर दोन गोष्टी सांभाळायलाच हव्यात. ओला रंग दुचाकीच्या चाकाला निसरडा, म्हणून पट्टे वळणाच्या पोटात नकोत, त्याआधीच्या सरळ रस्त्यावर हवेत. दुसरी गोष्ट निगेची. पट्टे आखण्याचं काम उभं राहून बघावं: दोरी धरून खुणा करतात, भट्टीत वितळवलेलं थर्मोप्लास्टिक ओततात आणि ते गरम असतानाच वर काचेचे बारीक मणी पसरतात. रात्री हेडलाइटचा उजेड परत फेकतात ते हे मणी. टायरांच्या घासण्याने ते निघून जातात. पट्टा दिवसा दिसत राहतो, अंधारात मात्र नाहीसा होतो.

चार महिन्यांचा पाऊस रस्ता धुऊन काढतो आणि मागोमाग गावी निघालेल्यांची दिवाळीची गर्दी त्याच घाटांत शिरते. घरोघरी रंगरंगोटी चालू असते त्याच दिवसांत वळणाआधीचे पट्टेही नव्याने आखले जावेत. रात्रीच्या अंधारात घराकडे निघालेल्या माणसाला ते दिसायला हवेत.