वर्गातील सुरेल गाणे

पूर्वी संगीताची विद्या बहुधा गुरूच्या घरी, शिष्याला समोर बसवून दिली जाई. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि अनेक विद्यार्थ्यांना एकत्र संगीत शिकविण्यास मोठी चालना दिली. आज शाळाशाळांतून मुले मिळून प्रार्थना व गीते म्हणतात. अशा वेळी एखाद्या मुलाचा सूर वेगळा लागतो आणि 'हा बेसूर आहे' असा शिक्का त्याच्यावर बसतो. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो.

कंठातील स्वरतंतू कंप पावले, म्हणजे आवाज निर्माण होतो. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा कंप पावतात. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड व पातळ असल्यामुळे ते सुमारे २५० ते ३०० वेळा कंप पावतात. म्हणून गुरुजींनी आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गाणे सुरू केले, तर मुलाचा आवाज तेथवर उतरत नाही. पट्टी त्याच्या गळ्याला मानवेल अशी घेतली, तर तोच मुलगा पुष्कळदा सुरात गाऊ लागतो.

सुरेल गाण्यास कानही तयार व्हावा लागतो. जो स्वर कानाने नीट टिपला नाही, तो कंठातून कसा उमटावा? म्हणून कुशल शिक्षक तंबोऱ्याचा किंवा पेटीचा षड्ज प्रथम मुलांना शांतपणे ऐकवितात. मग तो ओठ मिटून गुणगुणावयास सांगतात आणि शेवटी 'सा' म्हणवून घेतात. ओरडून गाणाऱ्याला शेजाऱ्याचा सूर ऐकू येत नाही. यास्तव आवाज मृदू ठेवणे अगत्याचे असते.

आरंभी स्वर थोडेच असावेत. दूरच्या सवंगड्याला लांबट हाक मारताना मुलाचा आवाज सहज पंचमावरून गंधारावर यावा तसा खाली येतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांतून निघालेल्या शिक्षणपद्धतीत बालकांचे धडे याच दोन स्वरांपासून सुरू होतात.

ज्याचा सूर हुकतो, त्याला 'तू नुसते ओठ हलव' असे सांगणे फार घातक होय. असे मूल पुढे मोठेपणीही चारचौघांत गाण्यास धजत नाही. त्याऐवजी शिक्षकाने प्रथम त्या मुलाचा स्वर आपण धरावा, त्याच्याबरोबर गावे आणि एकेक पायरी चढत त्याला वर्गाच्या सुरापर्यंत आणावे. आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळून गेल्याचा आनंद मुलाने एकदा अनुभवला, की तो सूर पुन्हा शोधण्याचा ध्यास त्याला आपोआप लागतो.