टायमिंग बेल्टला फॅन बेल्टचे नियम लावू नका

गाडीची थोडीफार कामं घरी करणाऱ्याची बेल्टशी पहिली ओळख होते ती फॅन बेल्टपाशी. तो समोर दिसतो. सैल झाला की सकाळी गाडी सुरू करताना किंचाळतो, जुना झाला की त्याला भेगा पडतात, अंगठ्याने दाबून त्याचा ताण कळतो, आणि तुटलाच तर नवा घालून पुढे जाता येतं. हे सगळं त्याच्या बाबतीत खरं आहे. घोटाळा होतो तो हेच शहाणपण टायमिंग बेल्टला लावल्यावर. घरी टायमिंग बेल्ट बदलण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज मला या एकाच मुळातून फुटलेले दिसतात.

फॅन बेल्ट अल्टरनेटर वगैरे फिरवतो. तो जरा घसरला तरी बिघडत नाही. टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्टच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवतो, त्याला घसरायची मुभाच नाही. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दर वेळी पिस्टन ठरल्या जागी असावा लागतो. म्हणून या बेल्टला आतून दात असतात. क्रँकच्या पुलीला समजा २० दात आहेत, तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकवर १८ अंशांची चूक. रबरी दातेरी बेल्टवर कॅम फिरवणारी पहिली उत्पादनातली गाडी जर्मनीची ग्लास १००४, १९६२ची. तोवर हे काम साखळी किंवा गिअर करत. बेल्ट स्वस्त, हलका आणि शांत. बदल्यात त्याला ठरावीक आयुष्य आलं.

हात घालण्याआधी आपल्या गाडीत बेल्ट आहे का, हे बघावं. मारुती ८००, ओम्नी, सॅन्ट्रो, इंडिकाचं १.४ डिझेल, डस्टरचं दीड लिटर डिझेल, जुनी डिझेल इनोव्हा यांत बेल्ट. स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये आणि मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत साखळी. एकाच नावाच्या गाडीतही फरक निघतो: पहिल्या आय-टेनच्या १.१ लिटर इंजिनात बेल्ट होता, १.२ मध्ये साखळी. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचं ठरवू नये. आणि साखळी असली म्हणजे जन्माची निश्चिंती, हेही खरं नाही. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याच्या गाडीत साखळी झिजून लांबते. ती निदान खडखडून सांगते तरी.

“खराब झाला की आवाज देईलच”

टायमिंग बेल्ट बहुधा काहीच सांगत नाही. बॉनेटखालून येणारी किंकाळी असते बाहेरच्या बेल्टची. टायमिंग कव्हरच्या आतून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आलाच, तर तो बहुधा बेल्ट ताणणाऱ्या टेन्शनरच्या नाहीतर त्याला वळण देणाऱ्या आयडलरच्या बेअरिंगचा असतो, आणि तो ऐकू आल्यावर कामाला उशीर करायचा नसतो.

डोळ्यांवरही फार विसंबता येत नाही. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडत, त्या दिसत. आताचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात. त्यांची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत राहू शकते. बेल्टची खरी ताकद आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असते आणि ते थकलेले बाहेरून कळत नाहीत. वरचं कव्हर काढून टॉर्च मारला, बेल्ट काळाकुळकुळीत दिसला, म्हणून “अजून वीस हजार निघतील” असं म्हणणाऱ्या मिस्त्रीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. बेल्ट बघून फक्त एकच गोष्ट ठरवता येते: कडा झिजलेल्या, दात चिरलेले किंवा ऑइलने भिजलेला दिसला तर तो आजच बदलायचा.

दोऱ्यांचा मुद्दा नव्या बेल्टलाही लागू आहे. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बेल्ट करकचून वाकवून “बघा साहेब, किती लवचीक” असं कुणी दाखवलं, तर तोच बेल्ट घेऊ नका. घडी पडली की काचतंतू आतच तुटतात. बेल्ट डब्यातल्या त्याच्या मूळ वळणातच ठेवावा. पुलीवर चढत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, आणि त्यावर ग्रीस किंवा कसलाही स्प्रे मारू नये. ऑइल हा या बेल्टचा शत्रू आहे. अपवाद फोर्डच्या सुरुवातीच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनांचा. त्यांचा बेल्ट मुद्दामच ऑइलमध्ये चालतो. पण तो वेगळ्या जातीचा आहे, त्याला नेमून दिलेलंच ऑइल लागतं आणि तो बदलणं घरचं काम नव्हे.

“मीटर अजून तिथवर गेलेलं नाही”

कंपन्या किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देतात आणि पुढे “जे आधी होईल ते” असं लिहितात. आपण पहिला आकडा वाचतो. किलोमीटरचा आकडा इंजिनागणिक बदलतो, साधारण साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत. आपला आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. पण मुंबईत बिल्डिंगखाली उभी राहणारी, दहा वर्षांत तीस हजार चाललेली गाडी या हिशेबात “कमी चाललेली” धरणं चूक आहे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. त्यात ट्रॅफिकमध्ये तासन् तास आयडलवर चाललेल्या इंजिनाच्या बेल्टला उष्णता आणि फेरे दोन्ही मिळतात. मीटरवर मात्र काही चढत नाही.

जुन्या डिझेल इनोव्हाच्या मालकांचा एक खास गैरसमज आहे. तिच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो, आणि तो लागला नाही म्हणजे बेल्ट ठणठणीत असं समजलं जातं. त्या दिव्याला बेल्ट दिसत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो आणि ठरावीक अंतरावर लागतो. बेल्ट न बदलता दिवा रिसेट केला, तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. उलट बेल्ट वेळेआधी बदलून रिसेट करायचा राहिला, तर नव्या बेल्टवरही दिवा लागतो.

“कव्हर नसलं तरी चालतं” हा गैरसमज गॅरेजांनीच पसरवलाय. खालच्या कव्हरचे बोल्ट अडचणीच्या जागी असतात, म्हणून मागच्या वेळी ते लावलेलंच नसतं. मग पावसाळ्यात चिखलपाणी, बारीक खडी थेट पुलीच्या दातांत जाते. काम उघडल्यावर कव्हर गायब किंवा फुटकं निघालं, तर नवं मागवून लावल्याशिवाय काम मिटवू नये.

“खुणा जुळल्या की झालं”

घरी काम करणारे सगळ्यात जास्त इथे फसतात, तेव्हा इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, क्रँकच्या पुलीवरची खूण जुळणं म्हणजे टायमिंग जुळणं नव्हे. कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकची खूण दोनदा समोर येते, कॅमची एकदाच. क्रँकची खूण बरोबर आहे आणि कॅमची भलतीकडे, असं दिसलं तर घाबरून बेल्ट काढू नका. क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. दोन्ही खुणा एका वेळी जुळल्यावरच पुढचं काम. इंडिकाच्या जुन्या डिझेलसारख्या यांत्रिक इंधन पंपाच्या इंजिनात त्या पंपाच्या पुलीचीही खूण असते, आणि तीही त्याच वेळी जुळायला हवी.

जुना बेल्ट काढण्याआधी व्हाइटनरने पुली आणि बेल्ट दोन्हींवर रेघ मारा. क्रँकच्या रेघेपासून कॅमच्या रेघेपर्यंत जुन्या बेल्टचे दात मोजा, त्याच जागी नव्या बेल्टवर रेघा मारा. दोन्ही बेल्ट शेजारी ठेवून एकूण दात, रुंदी आणि दाताचा आकार ताडून बघा. दुकानदाराने “हाच लागतो” म्हणणं पुरेसं नाही.

बेल्ट निघाला की क्रँक आणि कॅम एकमेकांपासून सुटे होतात. आता एकट्यालाच फिरवलं की आत पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडू शकतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम आपसूकही झटका घेतो. तेव्हा बोटं पुलीच्या दातांत नकोत. कॅम फिरवणं भागच असेल तर चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेपासून, पाव फेरा हलवून घ्यावा, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात आणि व्हॉल्व्हना वाट मिळते.

काही इंजिनांत क्रँक आणि कॅम जागेवर धरायला पिन येतात, डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये तशा आहेत. त्या पिन लावून क्रँक पुलीचा बोल्ट सोडायला जाणं ही नेहमीची आणि महागडी चूक. पिन फक्त जागा दाखवण्यासाठी असते. बोल्टचा जोर तिच्यावर आला की ती वाकते नाहीतर तुटून आत राहते. बोल्ट सोडताना फ्लायव्हील अडवायचं, किंवा गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. हा बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. डस्टरच्या १.६ पेट्रोलमध्ये तर पुल्यांना शाफ्टवर अडकवणारी चावीच नाही, पुली नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर धरलेली असते. तिथे खुणेवर विसंबून काम केलं आणि पुलीच्या तोंडावर ऑइलचा थेंब राहिला, तर टायमिंग नंतर चालत्या गाडीत सरकतं. अशी इंजिनं पिनांच्या संचाशिवाय उघडूच नयेत, असं माझं मत आहे.

ताणाबद्दलही फॅन बेल्टची सवय नडते. “जरा कडकच ठेवू, सुटायला नको.” जास्त ताणलेला बेल्ट टेन्शनरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो, सैल बेल्ट दात उडवतो. लांब बाजूला चिमटीत धरून पाव फेरा पिळता आला की ताण बरोबर, ही जुन्या मिस्त्रींची परीक्षा काही जुन्या इंजिनांपुरती ठीक होती. आताच्या टेन्शनरवर काटा आणि खाच असते. इंजिन थंड असताना काटा खाचेत आणायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर नट आवळायचा. टॉर्क रेंच नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

आता ज्या पायरीवर सगळं अवलंबून आहे ती. बेल्ट चढला, ताण दिला, खुणा जुळल्या. तरी स्टार्टर मारायचा नाही. स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावा आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने द्या. बहुतेक इंजिनं बेल्टच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. पहिल्या होंडा सिटीसारखी जुनी होंडा इंजिनं उलटी. डिझेलमध्ये कॉम्प्रेशनमुळे पाना जड होतो, मग थोडं थांबलं की हळूच सैल पडतो. तो जडपणा मऊ असतो, वाढत जातो. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर पाना एकदम, लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा थांबतो. तिथे अजून जोर लावणारा माणूस हाताने व्हॉल्व्ह वाकवतो. थांबायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या.

दोन फेऱ्यांनंतर पुलीच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात, टेन्शनरचा काटाही बघायचा. बेल्टवरच्या रेघा मात्र आता जुळत नाहीत, कारण बेल्ट दोन फेऱ्यांत पुढे सरकलेला असतो. ते बघून सगळं पुन्हा उघडणारे कमी नाहीत. त्या रेघा फक्त बसवण्यापुरत्या असतात.

“इंजिन लगेच सुरू झालं, म्हणजे टायमिंग बरोबर” हेही धरू नका. एका दाताने चुकलेलं इंजिन बरेचदा सुरू होतं. पिकअप मात्र मरतो, आयडल डगमगतं, नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून पी००१६ कोड येऊ शकतो. तसंच, नव्या बेल्टने मायलेज किंवा पिकअप वाढत नाही. वाढला असेल तर आधीचा बेल्ट चुकीचा बसवलेला होता.

बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर बदलावेत, आणि पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तोही. पंपाचं बेअरिंग दोन वर्षांनी जाम झालं तर नव्याकोऱ्या बेल्टचे दात सोलून निघतात. कॅम किंवा क्रँकचं सील पाझरत असेल तर तेही आत्ताच बदला. आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुतेकदा एका बाजूचं माउंटिंग उतरवावं लागतं. इंजिनाला जॅक आणि मध्ये लाकडी फळी असा आधार दिल्याशिवाय त्या बोल्टला हात लावू नये, आणि गाडी स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर नाही.

“तुटला तर नवा घालू”

काही जुन्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी पिस्टन त्याला शिवत नाही. तिथे हे खरं ठरू शकतं. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागाच इतकी कमी असते की बेल्ट तुटणं म्हणजे व्हॉल्व्ह वाकणं, असंच धरून चालावं. गाडी हळू होती किंवा आयडलवर होती म्हणून वाचली, असं समजू नका. वाकायला एक फेराही पुरतो.

चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं, आणि स्टार्टर मारल्यावर ते नेहमीचे टप्पे न घेता हलकं, एकसारखं फिरायला लागलं, तर चावी सोडा. ढकलून सुरू करायचा प्रयत्न तर अजिबात नको. गाडी टो करून न्या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय व्हॉल्व्ह शाबूत आहेत की नाहीत हे कळत नाही. ज्या सिलिंडरमध्ये ते जवळपास नाहीच, त्याच्यासाठी हेड उतरवावं लागतं.

मारुती ८०० सारखं साधं, एका कॅमचं इंजिन असेल, मॅन्युअल, टॉर्क रेंच आणि सुट्टीचा पूर्ण दिवस हाताशी असेल, तर हे काम घरी होतं. काम झाल्यावर तारीख आणि मीटरचा आकडा कव्हरवर चिकटवा, बेल्टचं बिल गाडीच्या कागदांत ठेवा. जुनी गाडी घेताना विकणारा “बेल्ट नुकताच बदललाय” म्हणतो, तेव्हा असंच बिल मागा. ते नसेल तर बेल्ट जुनाच धरून त्याचा आणि टेन्शनरचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.